वहिनींच्या रुमालाचे शेवटचे चार दिवस

युरोपात चौतीस दिवस हिंडून आलेल्या बाईला लोक भेटल्या भेटल्या आयफेल टॉवरचं विचारतात. मी मात्र सुरुवात करते ती सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या बाथरूमपासून. मुलीच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकलं, चपला काढल्या, बॅगा जिथल्या तिथे सोडल्या आणि मी थेट आत गेले. भिंतीवर पाण्याचा छोटा फवारा टांगलेला होता. मी त्याला हात जोडले. खोटं नाही सांगत. चौतीस दिवस कागदावर काढलेल्यालाच त्या नमस्काराचा अर्थ कळेल. बाहेरून आमच्या ह्यांनी दार वाजवलं.

"शोभा, आटप लवकर. इथे आणखी एक भक्त उभा आहे."

हे, म्हणजे अरुण. वीज मंडळातून निवृत्त झालेले, स्वभावाने टापटीप आणि प्रत्येक गोष्टीचा नियम काय हे विचारणारे. चांगी विमानतळाचं काचेचं दार सरकून तोंडावर गरम, ओलसर हवा आली तेव्हाच ह्यांनी स्वेटर काढून हवेत फिरवला होता आणि "आलं गं आपलं ठाणं!" असं ओरडून आजूबाजूच्या चार चिनी कुटुंबांना दचकवलं होतं. युरोपात त्यांना पहिल्या आठवड्यात जी सर्दी झाली ती शेवटपर्यंत हटली नाही. सिंगापूरच्या घामाने ती एका तासात पळाली.

आमच्या सहलीचा मार्ग जरा उलटसुलट होता. मुलगी मुक्ता सिंगापूरला एका बँकेत नोकरी करते. तिच्यासारख्या मुलांकडे येऊन राहिलेल्या आणि दुपारी काय करायचं हे न कळणाऱ्या आईवडिलांचा अकरा जणांचा गट युरोपला निघाला होता, त्यात तिने आम्हाला घुसवलं. म्हणून जाताना सिंगापूर, येताना सिंगापूर आणि ठाण्याला परतण्याआधी चार दिवस मुलीकडे. जावई तेव्हा ऑफिसच्या कामाला परदेशी होता, त्यामुळे घरात आम्ही तिघंच.

पहिल्या दिवशी मुक्ताने वरणभात केला. वर तूप, लिंबाची फोड, बाजूला पोह्याचा पापड. ह्यांनी तीनदा भात घेतला आणि चौथ्यांदा घेताना "हा फक्त उरलेलं वरण संपवायला" असा खुलासा केला. जेवण झाल्यावर मी बॅगेतून पहिली वस्तू काढली ती वहिनींचा रुमाल. तो साबणाने धुतला. तिथल्या पद्धतीप्रमाणे मुक्ताने तो चिमटे लावून बांबूवर घातला आणि तो बांबू नवव्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर सरळ हवेत खुपसला. मी खिडकीकडे धावले.

"अगं, उडेल!"

"आई, इथे सगळे असंच वाळत घालतात. काही उडत नाही."

"बाकीच्यांचं काही उडू दे. हा उडून चालणार नाही."

का चालणार नाही, ते सांगायला हवं.

सुधावहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई. लग्न होऊन मी घरात आले तेव्हापासून दर गणपतीला आम्ही दोघी पोरांना घेऊन ठाण्याहून गुहागरला एसटीने जात असू. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात वहिनींचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं. चालत्या गाडीत, सरकत्या काचेतून, नेमका दुसऱ्या बाकावर. रुमालही ठरलेला. दादाभावोजींचा, म्हणजे वहिनींच्या यजमानांचा, मोठा निळ्या चौकड्यांचा रुमाल, आणि त्याच्या कोपऱ्यात वहिनींनी पिवळ्या दोऱ्याने काढलेला "सु". त्या "सु"वरून कितीतरी भांडणं झाली आणि सगळी वहिनींनी जिंकली. दादाभावोजी गेले तरी रुमाल राहिला.

युरोपला आम्ही तिघं जाणार होतो. वहिनी सत्तरीच्या, पण उत्साह माझ्या दुप्पट. तिकडे फार चालावं लागतं म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बुटांचा जोड घेतला आणि सोसायटीच्या जिन्यावरून रोज चढउतार करायला लागल्या. निघायच्या अठरा दिवस आधी त्याच बुटाची नाडी पायात आली. मांडीचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, तिकीट रद्द झालं. मीही जात नाही म्हणाले. तेव्हा हॉस्पिटलच्या पलंगावरून त्यांनी उशीखालून रुमाल काढून माझ्या हातात दिला.

"तू जा. जिथे बसशील तिथे शेजारी हा टाक. माझी जागा धरून ठेव."

आम्ही दोघी रडलो. मग नर्स रागावली म्हणून हसलो.

पण घरी आल्यावर वहिनींनी अंथरूणच धरलं. व्यायाम शिकवणारी मुलगी रोज चारला यायची, वॉकर समोर ठेवायची, आणि वहिनी भिंतीकडे तोंड करायच्या. "आता चालून कुठे जायचंय मला?" त्यांचा मुलगा प्रसाद फोनवर रडकुंडीला आला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आत्ता चालल्या नाहीत तर पुढे चालणं कठीण. तेव्हा मी सहलीच्या पहिल्याच मुक्कामावरून, पॅरिसहून, फोन करून सौदा केला. रोज त्यांच्या रुमालाचा एक फोटो. त्या बदल्यात दहा पावलं.

"दहा म्हणजे दहा," वहिनी म्हणाल्या. "अकरावं मागायचं नाही."

शब्दाला पक्क्या. फोटो गेला की चार वाजता दहा पावलं टाकायच्या आणि दहाव्या पावलाला असतील तिथे खुर्ची मागायच्या. पलंगापासून दहा पावलं म्हणजे त्यांच्या खोलीचा उंबरठा. पुढे दिवाणखाना, पॅसेज आणि मग बाहेरचं दार. तिथपर्यंत गाडी कधी गेलीच नाही. एकदा मी दोन फोटो पाठवून पाहिले. उत्तर आलं, "एक उद्याचा धरते."

तर युरोपात ह्या रुमालाचे काय हाल झाले म्हणता! त्या लोकांना रुमालाचा कायदाच माहीत नाही. ल्युसर्नच्या बोटीत मी तो शेजारच्या खुर्चीवर टाकला, तर एका उंच बाईने दोन बोटांच्या चिमटीत उचलून, फार गोड हसून माझ्या मांडीवर ठेवला आणि खुशाल बसली. रोममध्ये कबूतर. व्हिएन्नाला तर कहर झाला. ट्रेनमध्ये एका प्रामाणिक आजोबांना वाटलं कोणाचा तरी राहिलाय, त्यांनी तो नेऊन तिकीट तपासनिसाला दिला. तो परत मिळवायला ह्यांनी दोन डबे ओलांडून हातवाऱ्यांनी अख्खी एसटी उभी केली. तपासनिसाने रुमाल दिला, पण ह्यांच्याकडे तो शेवटपर्यंत वेगळ्याच नजरेने बघत होता.

"सुधारलेले लोक म्हणे," हे तणतणत परतले. "रुमाल टाकलेला असताना बसतात. ह्यांना गुहागर गाडीला आणून उभं केलं पाहिजे."

सिंगापूरच्या दुसऱ्या दिवशी मुक्ता आम्हाला तिचं ऑफिस दाखवायला रॅफल्स प्लेसला घेऊन गेली. एमआरटीतून, म्हणजे तिथल्या मेट्रोतून, वर आलं की मान दुखेपर्यंत उंच इमारती, आणि बरोबर बाराला त्या इमारतींमधून गळ्यात पट्टे अडकवलेली हजारो माणसं एकदम खाली उतरतात. आम्हीही त्या लोंढ्यात सापडून एका हॉकर सेंटरमध्ये पोहोचलो. हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली पन्नास-साठ खाण्याची दुकानं आणि मध्ये टेबलखुर्च्या. मुक्ता आमच्यासाठी काहीतरी बिनमांसाचं शोधायला गेली. आम्ही जागा शोधत होतो.

आणि ह्यांना टेबलावर कागदी रुमालांचं एक पाकीट दिसलं. शेजारच्या टेबलावर आणखी एक. पलीकडे तिसरं. आजूबाजूला माणूस नाही.

"बघ," हे हळहळले, "कामाच्या घाईत विसरून जातात बिचारे."

व्हिएन्नाच्या आजोबांचा आत्मा ह्यांच्यात कधी शिरला मला कळलं नाही. मी हात धुऊन येईपर्यंत ह्यांनी सहा टेबलं फिरून सहा पाकिटं गोळा केली होती आणि ती ओंजळीत धरून ते फळांचा रस विकणाऱ्या बाईला समजावत होते, "लॉस्ट. पीपल लॉस्ट. यू कीप." तोवर ताटं घेऊन सहा टेबलांचे मालक परतले. जिथे तिथे दुसरेच लोक बसलेले! जे बसले होते ते म्हणत होते इथे काही नव्हतं. जे उभे होते ते म्हणत होते होतं. सूपचे वाडगे हिंदकळत होते. आणि मध्ये आमचे हे, हातात सहा पाकिटं, चेहऱ्यावर समाजसेवेचं समाधान.

मुक्ता आली आणि पांढरीफटक पडली.

"बाबा! ती हरवलेली नाहीत. ते चोप केलंय!"

"काय केलंय?"

"चोप. जागा धरलीय. इथे टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ती जागा आपली. मग निवांत जाऊन जेवण आणायचं. कोणी बसत नाही."

ह्यांनी हातातल्या पाकिटांकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा जो काही खुलला, तो मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"म्हणजे रुमाल टाकतात!"

"हो."

"आणि सगळे मानतात?"

"सगळे मानतात, बाबा. फक्त तुम्ही सोडून."

ह्यांनी सहाही टेबलांना जाऊन हात जोडून क्षमा मागितली. एका टायवाल्या तरुणाने "नेव्हर माइंड, अंकल" म्हणून ह्यांच्या पाठीवर थाप मारली. मग हे माझ्याकडे आले. डोळ्यांत पाणी होतं. "शोभा, चौतीस दिवस ज्यांना शोधत होतो ती माणसं इथे आहेत गं. अगदी आपली आहेत." त्या दिवशी वहिनींचा रुमाल त्यांनी स्वतःच्या हाताने टेबलावर पसरला. शेजारून शंभर माणसं गेली, एकाने बोट लावलं नाही. मी फोटो पाठवला. वहिनींचं उत्तर आलं, "तिथले लोक संस्कारी दिसतात." तिथून पुढे रुमालखातं ह्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. टाकणार तेच, उचलणार तेच. मी हसत हसत देऊन टाकलं, हे माझं चुकलं.

तिसरा दिवस खरेदीत गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की घरापासून साडेसहा हजार किलोमीटर लांब स्वित्झर्लंडमध्ये न घेतलेलं चॉकलेट मी टॅम्पिनीसच्या मॉलमध्ये घेतलं आणि ते स्विस आहे असंच सगळ्यांना सांगायचं आमचं ठरलं.

चौथा दिवस शनिवार. रविवारी सकाळी आमचं विमान. मुक्ता म्हणाली, "आज तुम्हाला तोआ पायोहला नेते. तिथे बघण्यासारखं काही नाही."

"मग कशाला?"

"मी आले तेव्हा तिथे राहायचे ना. एका खोलीत."

जुन्या सरकारी इमारती, तळमजल्यावर मोकळी जागा, तिथे बाकांवर म्हातारे पत्ते खेळत होते. त्याच्या पुढे हॉकर सेंटर. मुक्ताने एका टेबलाकडे बोट दाखवलं. पहिलं वर्षभर ती रोज इथे एकटी जेवायची. टेबल चौघांचं आणि ही एक. चौघांचं टेबल एकटीने अडवायची लाज वाटायची म्हणून पाकीट अगदी कोपऱ्यात ठेवायची. फोनवर तेव्हा आम्हाला सांगायची, मैत्रिणींबरोबर जेवले. मी ऐकत होते आणि मला एकदम भरून आलं. मी तिचा हात धरला तर म्हणाली, "आई, रडू नकोस, इथला बी हून खा." बी हून म्हणजे तांदळाच्या बारीक शेवया. आपल्या शेवयांच्या उपम्याची सिंगापुरी चुलतबहीण. मी दोन थाळ्या खाल्ल्या. वर दाट गोड दुधाची कोपी, म्हणजे तिथली कॉफी, प्यायली.

त्याच टेबलाला आम्ही तिघं बसलो आणि चौथ्या खुर्चीपुढे ह्यांनी थाटात रुमाल पसरला, "सु" वर येईल असा. फोटो काढायचा तर माझ्या फोनची बॅटरी संपलेली. "मग तुमच्या फोनवर काढा," मी ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, "माझा फोन घरीच आहे." मुक्ता तेव्हा ताटं उचलून ठेवायला गेली होती. "बरं, घरी खुर्चीवर टाकून काढू," असं ठरलं. ताटं स्वतः नेऊन ठेवायचा तिथला शिष्टाचार ह्यांना इतका आवडला होता की ते मुक्ताच्या हातातली ओढून घ्यायला धावले, मग शेजारच्या टेबलावरचीही घेऊन गेले, आणि त्या ताटांच्या विजययात्रेत आम्ही तिथून बाहेर पडलो.

घरी येऊन बॅगा भरता भरता तीन वाजले. वहिनींचा रुमाल ठेवायची कापडी पिशवी मी उघडली. रिकामी.

"अहो, रुमाल द्या."

"तुझ्याकडे आहे ना?"

"रुमालखातं कोणाकडे आहे?"

ह्यांनी खिसे उलटे केले. एमआरटीची कार्डं निघाली, ल्युसर्नच्या बोटीचं तिकीट निघालं, रॅफल्स प्लेसचं एक टिश्यूचं पाकीट निघालं, जे परत करायचं राहिलं होतं. रुमाल नाही. एसटीत रुमाल उचलायची वेळ कधी येते? माणूस येऊन बसला की. वहिनी काही येऊन बसल्या नाहीत, म्हणून रुमाल कोणी उचललाच नाही.

 मुक्ता खाली भाजी आणायला गेली होती. चारला वहिनींचा व्यायाम, म्हणजे इथले साडेसहा. आणि रविवारी सकाळी विमान. चौतीस अधिक तीन दिवस जी बाई एका रुमालाच्या जोरावर उभी राहत होती, तिला काय सांगायचं?

"मी काय म्हणतो," हे घसा खाकरून म्हणाले, "निळ्या चौकड्यांचे रुमाल जगात पुष्कळ असतात."

मी त्यांना थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. अर्ध्या तासात ते मॉलमधून एक कोरा करकरीत निळा चौकड्यांचा रुमाल घेऊन आले. आम्ही तो चुरगाळला, भिजवला, इस्त्रीशिवाय पंख्याखाली वाळवला, जेवणाच्या खुर्चीवर कोपरे आत दुमडून टाकला आणि फोटो पाठवला. लग्नाच्या पस्तीस वर्षांत आम्ही दोघांनी मिळून केलेला हा पहिला गुन्हा. वर हसूही येत होतं.

उत्तर दोन मिनिटांत आलं. "कोपरा दाखव."

हे म्हणाले, "पिवळा दोरा मिळेल का इथे?"

तेवढ्यात मुक्ता आली. तिने खुर्चीवरचा रुमाल पाहिला, आमचे चेहरे पाहिले. "आई! काकूला फसवायला निघालात तुम्ही?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी फोन लावला आणि वहिनींना खरं ते सांगितलं. रुमाल हरवला. फोटो खोटा होता. मला माफ करा.

वहिनी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "असू दे. रुमाल गेला म्हणजे जागा गेली. त्या मुलीला सांगते आज येऊ नकोस." आणि फोन ठेवला.

आम्ही तिघं जसे होतो तसे निघालो. एमआरटीत हे दाराशीच उभे राहिले. डोक्यात हिशेब चालू होता तो सगळ्यांच्याच. साडेपाच तास झालेले. शनिवारची संध्याकाळ. पुसायला येणाऱ्या बायका दर पाच मिनिटांनी टेबल पुसतात. एक जुना फडक्यासारखा रुमाल कोण ठेवेल?

हॉकर सेंटर तुडुंब भरलं होतं. ताटं हातात धरून लोक जागेसाठी घिरट्या घालत होते. मी माणसांतून वाट काढत त्या टेबलाकडे गेले. तिथे एक चिनी आजोबा बसले होते, बनियन, अर्धी चड्डी, समोर कोपीचा पेला. दोन खुर्च्यांवर कॉलेजातली दोन मुलं सूप पीत होती. आणि चौथी खुर्ची रिकामी. तिच्यासमोर टेबलावर निळ्या चौकड्यांचा रुमाल, "सु" वर. टेबल इतकं स्वच्छ पुसलेलं होतं की रुमालाभोवती पुसल्याची चौकट दिसत होती. पुसणाऱ्या बाईने तो उचललासुद्धा नव्हता.

मी झडप घातली. आजोबांनी पेला ठेवून हात आडवा घातला.

"आंटी, कॅनॉट. समबडी चोप ऑलरेडी."

"माझाच आहे! माइन!"

"यू?" त्यांनी मला खालून वर पाहिलं. "सिन्स लंच टाइम, लाह! फोर टाइम पीपल कम, फोर टाइम आय से नो. आय थिंक, वा, व्हेरी लाँग टॉयलेट."

मी तिथेच हसत सुटले आणि हसता हसता रडायला लागले. ह्यांनी आजोबांचे दोन्ही हात धरून हलवायला सुरुवात केली, ते काही केल्या सोडेनात. मुक्ताने त्यांना सगळं समजावलं, की ही जागा माझी नाही, माझ्या जाऊबाईंची आहे, त्या भारतात आहेत.

"इंडिया?" आजोबा म्हणाले. "टुडे कमिंग?"

"नेक्स्ट इयर," मी म्हटलं.

आजोबांनी गंभीरपणे विचार केला. "नेक्स्ट इयर कॅनॉट होल्ड, आंटी. डिनर टाइम ओन्ली."

मुक्ताने तिच्या फोनवरून प्रसादला व्हिडिओ कॉल लावला. बरोबर साडेसहा. पडद्यावर वहिनी, भिंतीकडे तोंड. मी फोन गर्दीवर फिरवला, ताटं घेऊन उभ्या असलेल्या माणसांवर, मग त्या एका रिकाम्या खुर्चीवर, मग रुमालावर. वहिनी वळल्या. चष्मा लावला.

"कोपरा दाखव."

मी कोपरा कॅमेऱ्यापुढे धरला. आजोबांनी मध्येच तोंड घातलं. "आंटी, युवर सीट ओके! आय सिट हिअर, आय लुक!"

"कोण गं हे?" वहिनींनी विचारलं.

"दुपारपासून तुमची जागा राखत बसलेत. चार जणांना हाकललं."

वहिनींनी आजोबांना नीट न्याहाळलं. मग म्हणाल्या, "त्यांना सांग, गुहागर गाडीला शोभले असते." आणि पदर डोळ्यांना लावला. नंतर एकदम मूळ आवाजात, "प्रसाद, त्या मुलीला फोन कर. दहा राहिलीत माझी." ते ऐकून ह्यांनी त्या दोन कॉलेजच्या मुलांनासुद्धा कोपी पाजली. नको नको म्हणत होती बिचारी.

त्या खुर्चीवर मी बसले नाही. आजोबांच्या परवानगीने रुमाल उचलला, आणि तो उचलताक्षणी एक बाई ताट घेऊन अशी काही येऊन बसली की मला खरोखरच गुहागर गाडीची आठवण झाली. खोटा रुमाल ह्यांनी आजोबांना भेट दिला. त्यांनी तो मानेभोवती टाकला.

रविवारी दुपारी मुंबईला उतरलो. विमानात, टॅक्सीत, कुठेही मी रुमाल खाली ठेवला नाही, त्यामुळे फोटोही नाही. बॅगा आमच्या दारात टाकून मी आधी वहिनींकडे गेले, वरच्या मजल्यावर. बेल वाजवली. प्रसादच्या चपला बाहेर दिसत नव्हत्या. आत बराच वेळ काही हालचाल नाही. मग टक, टक, थांबून पुन्हा टक, असा आवाज यायला लागला. आधी लांबून, मग जवळून. मी मोजत होते. दहा झाली. अकरा झाली. सव्वीसनंतर माझं मोजणं चुकलं.

दार उघडलं. वहिनी वॉकरला धरून उभ्या होत्या, घामाघूम, केस विस्कटलेले. एक हात वॉकरवर, दुसरा माझ्यापुढे पसरलेला.

"आण तो इकडे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी टाकणार मी आणि उचलणारही मीच. अरुणभावोजींच्या हाती द्यायचा नाही."

त्या दिवशी मी त्यांना एकही फोटो पाठवला नव्हता.